एकट्या सीईटीवर अभियांत्रिकीचे प्रवेश नकोत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकीच्या ‘कॅप’ फेऱ्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या, सुरू झाल्या की गेल्या वर्षीचे कटऑफ (प्रवेशासाठी लागलेले किमान गुण) आणि पर्सेंटाइल (शेकडा किती जण आपल्या मागे वा बरोबरीला आहेत तो आकडा) यांखेरीज घरात दुसरा विषय उरत नाही, आणि त्याच सुमारास आपल्या दैनिकातील वाचकपत्रांतून एक मत दरवर्षी ठामपणे मांडले जाते. सीईटी, म्हणजे राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, ही एकमेव निःपक्षपाती चाळणी आहे, तिच्यात बारावीचे गुण किंवा आणखी काही मिसळले की घोळ झालाच म्हणून समजा, असे ते मत. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, प्रात्यक्षिक परीक्षांना बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलो आहे आणि सीईटीची तयारीही मुलांकडून करून घेतली आहे. या मताचा अर्धा भाग मला मान्य आहे. सर्व विद्यार्थ्यांसाठी विषयांची एक समान परीक्षा असलीच पाहिजे. परंतु पुण्याची सीओईपी, मुंबईची व्हीजेटीआय किंवा आयसीटी यांसारख्या, एकेका जागेसाठी झुंबड उडणाऱ्या संस्थांमधील प्रवेश केवळ त्या एका आकड्यावर ठरावेत, हे मला पटत नाही; आणि माझे आक्षेप बरेचसे अंकगणिताचे आहेत.

समान परीक्षा का हवी, हे प्रथम सांगतो, कारण सीईटी रद्दच करा म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसायचे नाही. निरनिराळ्या बोर्डांचे गुण एकाच तागडीत टाकले की काय होते, ते दिल्ली विद्यापीठाने दाखवून दिले आहे. २०२१ मध्ये तेथील काही महाविद्यालयांत काही अभ्यासक्रमांचा कटऑफ शंभर टक्क्यांवर गेला होता. शंभरापैकी शंभर मिळालेल्यांमध्ये निवड करायची म्हटली तर चिठ्ठ्या टाकण्याखेरीज मार्ग उरत नाही, आणि एखादे बोर्ड सढळ हाताने गुण देत असेल तर त्याची मुले न शिकताच पुढे जातात. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा आली ती याच पार्श्वभूमीवर. आपल्याकडील बारावीच्या प्रात्यक्षिकांच्या ३० गुणांबद्दल तर मी परीक्षक म्हणूनच सांगू शकतो की, ज्या मुलाला मीटर ब्रिजची (विद्युत रोध मोजण्याच्या साधनाची) जोडणी करता येत नाही त्यालाही २५-२६ गुण देण्याची रीत पडून गेली आहे. तेव्हा बारावीचे टक्के आहेत तसे घेऊन गुणवत्ता यादी लावा, असे कोणताही जबाबदार शिक्षक म्हणणार नाही.

आता सीईटीच्या आकड्याकडे वळू. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाच्या परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे असतात. एकूण गुण २००. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि निगेटिव्ह मार्किंग, म्हणजे चुकीच्या उत्तराला गुण कापणे, नाही. म्हणजे ज्याला एकही उत्तर येत नाही, पण जो सर्व प्रश्नांना डोळे मिटून पर्याय निवडतो, त्याला सरासरी ५० गुण मिळतात. हे सर्वांना ठाऊक असते. त्या ५० भोवतीचा चढउतार किती, याचा मात्र कोणी विचार करत नाही. संभाव्यतेच्या बारावीतल्याच सूत्राने काढले तर प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप, साडेसात गुण येते. आता निम्म्या प्रश्नांची उत्तरे नक्की येणारा आणि उरलेल्यांवर तुक्का मारणारा मध्यम विद्यार्थी घ्या. त्याचे अपेक्षित गुण १२५ आणि निव्वळ नशिबाने होणारे विचलन पाच गुणांहून थोडे अधिक. याचा अर्थ, अगदी सारखे ज्ञान असलेल्या दोन मुलांत दहा गुणांचा फरक पडला तरी त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

या गुणांचे मग पर्सेंटाइलमध्ये रूपांतर होते. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने कोणता पेपर अवघड आणि कोणता सोपा हा वाद मिटवण्यासाठी ते करावेच लागते, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत छापला जातो आणि पालक ते सातही अंक गंभीरपणे वाचतात. एका सत्रात २५ हजार विद्यार्थी बसले असे धरू. त्यांच्यात एका विद्यार्थ्याने मागेपुढे होणे म्हणजे ०.००४ चा फरक. शिवाय २०० गुणांच्या परीक्षेत शून्यापासून मोजले तरी एकूण पायऱ्या २०१ च. प्रात्यक्षिकाच्या वहीत एखाद्याने साध्या व्हर्निअर कॅलिपरचे वाचन सात दशांश स्थळांपर्यंत लिहिले असते तर लीस्ट काउंट (उपकरणाला मोजता येणारे लहानात लहान माप) न कळल्याबद्दल आम्ही त्याचे गुण कापले असते.

मधल्या पट्ट्यात गर्दी दाट असते. तेथे त्या २५ हजारांपैकी ४०० जण एकाच गुणावर उभे असले, तर एका गुणाने पर्सेंटाइल १.६ ने हलतो आणि नशिबाच्या पाच गुणांनी आठने. आठ पर्सेंटाइलमध्ये महाविद्यालय बदलते, शाखा बदलते, कधी गावही बदलते. वरच्या टोकाला तुक्क्याचा वाटा कमी होतो, कारण तेथल्या मुलांना बहुतेक उत्तरे येत असतात. तरीही १५० पैकी १३५ प्रश्न पक्के येणाऱ्या मुलाच्या गुणांत केवळ उरलेल्या १५ प्रश्नांमुळे दोन-अडीच गुणांची हालचाल होते. ९९.५ आणि ९९.८ यांच्या मधल्या फटीत आपल्या उदाहरणातील ७५ विद्यार्थी असतात. संगणक अभियांत्रिकीची नामांकित संस्थेतील जागा मिळणार की नाही, हे ज्या फटीत ठरते ती हीच. तेव्हा ९९.७ वाला ९९.५ वाल्यापेक्षा अधिक लायक आहे, असे छातीठोकपणे म्हणण्याची सोय या परीक्षेने आपल्याला दिलेली नाही; त्या दोघांना वेगळे करण्यासाठी तिच्याबाहेरची काहीतरी माहिती लागते.

एकाच आकड्यावर सगळा भार टाकण्याचा दुसरा धोका २०२५ मध्ये दिसला. २७ एप्रिलच्या एका सत्रात गणिताच्या तब्बल २१ प्रश्नांचे पर्याय चुकलेले निघाले आणि सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षेला बसावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण मिळाले आणि १,५६३ विद्यार्थ्यांचे वाढीव गुण नंतर रद्द करावे लागले. मोठ्या परीक्षांत चुका होणारच, आणि परीक्षा घेणाऱ्यांना झोडपणे हा या पत्राचा हेतू नाही. प्रवेशाचा संपूर्ण निर्णय एका सत्रावर टेकलेला असला की चूक कितीही प्रामाणिक असो, तिचा पूर्ण फटका विद्यार्थ्याला बसतो, एवढेच मला दाखवायचे आहे.

‘पण सीईटीत चांगले गुण मिळवणारी मुलेच पुढे चांगली शिकतात ना?’ असे विचारले जाते. प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे एक सुस्पष्ट उत्तर कॅलिफोर्निया विद्यापीठाने २००१ मध्ये शोधून ठेवले आहे. त्या विद्यापीठात प्रवेशासाठी सर्वसाधारण कलचाचणी, म्हणजे सॅट, आणि तिच्याबरोबर विषयवार परीक्षा अशा दोन्ही द्याव्या लागत असत. १९९६ ते १९९९ या काळात प्रवेश घेतलेल्या सुमारे ७८ हजार विद्यार्थ्यांचे पहिल्या वर्षाचे गुण त्यांनी प्रवेशाच्या वेळच्या आकड्यांशी ताडून पाहिले. पहिल्या वर्षाच्या गुणांतील तफावतीपैकी १३.३ टक्के तफावत कलचाचणीने, १५.४ टक्के शालेय गुणांनी आणि १६ टक्के विषय-परीक्षांनी उलगडली. म्हणजे विषयांची परीक्षा हा एकट्याने सर्वांत चांगला निकष ठरला, आणि सीईटीच्या समर्थकांनी हे जरूर सांगावे. मात्र त्याच तक्त्यातील पुढची ओळही वाचावी. शालेय गुण आणि विषय-परीक्षा एकत्र घेतल्यावर आकडा २२.२ टक्क्यांवर गेला. या दोन्ही मोजमापांत विद्यार्थ्याची निरनिराळी अंगे दिसतात, म्हणून बेरीज वाढली. आणि दोन्ही मिळूनही तीन चतुर्थांशांहून अधिक तफावत न उलगडताच राहिली, हे ‘मेरिट’ हा शब्द उच्चारताना आपण ध्यानात ठेवलेले बरे. अमेरिकेतील शिक्षणपद्धती वेगळी, हे मान्य. पण आपल्याकडच्या परीक्षांबाबत याहून वेगळे घडत असेल असे गृहीत धरायला आधार काय?

ते दुसरे अंग कोणते, हे वर्गात शिकवलेल्या कोणालाही सांगता येईल. ‘गाउसचा नियम वापरून अनंत लांबीच्या तारेभोवतीची विद्युत क्षेत्रतीव्रता काढा’ असा प्रश्न बोर्डाच्या पेपरात आला की मुलाला आकृती काढावी लागते, गाउसचा पृष्ठभाग निवडावा लागतो, तो दंडगोलाकारच का याचे कारण द्यावे लागते आणि पायरीपायरीने सूत्रापर्यंत पोहोचावे लागते. सीईटीत तोच प्रश्न चार सूत्रांमधून एक निवडण्यापुरता उरतो, आणि मिनिटभराच्या आत मिती जुळवून दोन पर्याय बाद करणे ही तेथली खरी विद्या ठरते. त्या विद्येला मी कमी लेखत नाही. वेग आणि अचूकता अभियंत्यालाही लागते. पण तर्क मांडणे, तो सलग लिहून काढणे, एकक न विसरणे, चार तास एका गोष्टीवर टिकून राहणे यांचा बहुपर्यायी परीक्षेत कोठेच माग लागत नाही. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्रवेश परीक्षेत वस्तुनिष्ठ प्रश्नांबरोबर सविस्तर सिद्धता लिहिण्याचे प्रश्न असतात. गणिती शोधायचा तर त्याला लिहायला लावल्याशिवाय भागत नाही, हे त्या संस्थेला ठाऊक आहे.

आता कोणी म्हणेल की लाखो विद्यार्थ्यांच्या लेखी उत्तरपत्रिका तपासणार कोण? त्या तपासल्या जातातच. बोर्ड दरवर्षी चौदा-पंधरा लाख विद्यार्थ्यांची बारावीची परीक्षा घेते, हजारो शिक्षक उन्हाळ्यात बसून पेपर तपासतात, नियामक ते पुन्हा पाहतात, आणि एवढा सगळा खटाटोप झाल्यावर अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी आपण त्यातून मुख्यतः एकच गोष्ट घेतो, ती म्हणजे खुल्या गटासाठी ४५ टक्के आणि राखीव गटासाठी ४० टक्के मिळाले की नाही. मुलांनी यातून काढायचा तो निष्कर्ष काढला आहे. अकरावीत नाव कनिष्ठ महाविद्यालयात आणि शरीर क्लासमध्ये, ही ‘इंटिग्रेटेड’ पद्धत जिल्ह्याच्या गावांतूनही रुजली. शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. यंत्रे बसली, मुले परतली नाहीत. परतावीत तरी कशासाठी? सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला अवघे २० टक्के स्थान, प्रात्यक्षिकाला शून्य, आणि मराठी-इंग्रजीला अर्थातच शून्य. ज्याला गुण नाहीत ते शिकायचे नाही, हा हिशेब सोळा वर्षांच्या मुलाने केला तर दोष त्याचा नाही. क्लासची दोन वर्षांची फी ज्या घराला झेपत नाही, तेथील मुलगी मात्र रिकाम्या वर्गात उरते. तिला शिकवायला नेमलेला शिक्षकही हळूहळू ढिला पडतो, आणि तिच्या वाट्याला ना धड बोर्ड येते ना धड सीईटी. एकट्या सीईटीचा सर्वांत मोठा तोटा मला विचाराल तर तो प्रवेश कोणाला मिळाला यापेक्षा या दोन वर्षांच्या नासाडीत आहे.

बारावीच्या गुणांना वजन देण्याचा प्रयोग आपण पूर्वी करून सोडून दिला आहे, याची आठवण करून दिली जाईल. ती खरी आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये राज्यातील अभियांत्रिकी प्रवेश जेईई मेन ही राष्ट्रीय अभियांत्रिकी प्रवेश परीक्षा आणि बारावी यांना निम्मे-निम्मे वजन देऊन झाले. २०१६ पासून पुन्हा सीईटी आली. राष्ट्रीय पातळीवर २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बोर्डाच्या गुणांना ४० टक्के वजन होते, तेही २०१७ पासून गेले. सर्व बोर्डांचे निकाल गोळा होईपर्यंत याद्या अडकत असत आणि बोर्डांचे गुण एकमेकांशी जुळवण्याच्या सूत्रावर वाद होत असत. या अडचणी खऱ्या होत्या, पण आज त्या तशाच राहिल्या आहेत काय? २०२५ चे उदाहरण घ्या. बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला, सीबीएसईचा १३ मे रोजी, आणि सीईटीच्या पीसीएम गटाचा १६ जूनला. बोर्डाची वाट पाहण्याचा प्रश्नच उरलेला नाही. बोर्डाचे गुणच महिनाभर सीईटीची वाट पाहत होते. गुण जुळवण्याबाबत म्हणाल तर राज्य बोर्ड आणि सीबीएसई या दोन्हींकडे भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि गणिताची ८० गुणांची आहे. केवळ हे लेखी गुण घ्यावेत, प्रात्यक्षिक व अंतर्गत गुण बाजूला ठेवावेत, आणि प्रत्येक बोर्डातील विद्यार्थ्याचे स्थान त्याच बोर्डाच्या पर्सेंटाइलने ठरवावे. सढळ बोर्डाचा फायदा तेथेच संपतो. दोन बोर्डांतील विद्यार्थी सरासरीने सारखे नसतात हा आक्षेप उरतो; पण तेच गृहीतक आपण सीईटीच्या निरनिराळ्या सत्रांबाबत आज बिनतक्रार मान्य केले आहे, आणि बारावीचे वजन मर्यादित असले तर त्यातून होणारी चूकही मर्यादितच राहील.

कॉपीचा मुद्दा याहून कठीण आहे. काही केंद्रांवर काय चालते हे मला ऐकून नव्हे, पाहून ठाऊक आहे, आणि दरवर्षीच्या कॉपीमुक्त अभियानाने ते पुरते थांबलेले नाही. येथे मात्र सीईटीच उपयोगी पडू शकते. एखाद्या केंद्रावरच्या मुलांचे बोर्डाचे पर्सेंटाइल त्यांच्याच सीईटीच्या पर्सेंटाइलपेक्षा सामूहिकरीत्या फार वर असतील, तर ती विसंगती संगणक एका दुपारी काढून देईल. एकट्या मुलाबाबत असा फरक काहीही सांगत नाही. तीनशे मुलांचा गठ्ठा एकाच दिशेने सरकलेला असेल तर तो पुष्कळ काही सांगतो. अशा केंद्राच्या गुणांना त्या वर्षी वजन देऊ नये आणि पुढच्या वर्षी केंद्र बदलावे. बोर्डाच्या परीक्षेवर अशी बाहेरची नजर आजवर नव्हती.

जुने दिवस आदर्श होते, असेही मला सुचवायचे नाही. बोर्डाच्या गुणांवर सर्व काही ठरत होते तेव्हाही घोकंपट्टी होती, ‘अपेक्षित प्रश्नसंच’ होते, आणि लातूर पॅटर्नचा (गुणांसाठी कसून सराव करून घेण्याच्या पद्धतीचा) जन्म बोर्डाच्या गुणवत्ता यादीच्या काळातलाच आहे. तमिळनाडूने २००७ पासून अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षाच बंद करून केवळ बारावीच्या गुणांवर प्रवेश दिले. मला तोही मार्ग तितकाच एकांगी वाटतो. एका मापावर सारे टांगले की शिकवणे त्या मापाच्या आकाराचे होते, मग ते माप कोणतेही असो. दोन मापे असली की निदान एकाची युक्ती दुसऱ्याला लागू पडत नाही.

अमेरिकेतल्यासारखे निबंध, शिफारसपत्रे आणि मुलाखती येथे आणाव्यात, असे काही उत्साही मंडळी सुचवतात. त्यांना माझा साफ विरोध आहे. ज्या राज्यात बदलीपासून वसतिगृहाच्या खोलीपर्यंत वशिला शोधला जातो, तेथे मुलाखतीचे पाच गुणसुद्धा कोणाच्या खिशात जातील ते सांगायला नको. खुद्द अमेरिकेतही या बाबतीत एकवाक्यता नाही. सॅटच्या विषयवार परीक्षा जानेवारी २०२१ मध्ये बंद करण्यात आल्या. पण एमआयटीने मार्च २०२२ मध्ये सॅट पुन्हा सक्तीची केली, आणि साध्या शाळांतील हुशार मुले ओळखण्यासाठी प्रमाणित परीक्षेचा उपयोग होतो असे कारण दिले. त्या संस्थेतही सॅटचा आकडा इतर माहितीसोबत वाचला जातो, एकटा नव्हे.

माझी सूचना अगदी साधी आहे. सीईटीचे वजन ७५ टक्के ठेवावे आणि बारावीच्या तीन विषयांच्या लेखी गुणांच्या पर्सेंटाइलला २५ टक्के द्यावे. सीईटीत प्रत्येक विषयाचे काही प्रश्न पर्यायांविना, संख्यात्मक उत्तर टाइप करण्याचे ठेवावेत; जेईई मेनमध्ये असे प्रश्न आहेतच, आणि परीक्षा संगणकावर होत असल्याने त्याला वेगळा खर्च नाही. तुक्क्याचा वाटा त्याने लगेच उतरेल. आणि सर्वांत आधी, राज्य सीईटी कक्षाने सत्रवार गुणांची विभागणी, म्हणजे कोणत्या गुणावर किती विद्यार्थी होते याचे तक्ते, नावांशिवाय जाहीर करावेत.

शासनाकडे याहूनही मोलाची माहिती पडून आहे. सीईटीचे गुण कक्षाकडे आहेत, बारावीचे गुण बोर्डाकडे, प्रवेशांची नोंद तंत्रशिक्षण संचालनालयाकडे आणि पहिल्या वर्षाचे निकाल विद्यापीठांकडे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी ‘एम-वन’मध्ये, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात, केटी लागलेल्या (नापास होऊन तो विषय पुढे राहिलेल्या) मुलांची संख्या कोणत्याही प्राध्यापकाला विचारा, ती मुले सीईटीत कोठे होती आणि बारावीत कोठे, हे या चार नोंदी जोडल्या तर दिसेल. २०१६ पासूनच्या प्रवेशांची अशी जुळणी एखाद्या सांख्यिकी विभागाला सहज करता येईल. तीतून बारावीचे गुण निरुपयोगी आहेत असे निघाले तर माझी २५ टक्क्यांची मागणी मी मागे घेईन. उपयोगी आहेत असे निघाले तर २५ पुरेत की ३५ हवेत, हेही त्याच आकड्यांवरून ठरवता येईल. पुढील वर्षीच्या प्रवेशाची नियमावली जाहीर होण्यापूर्वी ही जुळणी करून प्रसिद्ध करावी, अशी आपल्या दैनिकामार्फत उच्च व तंत्रशिक्षण विभागाला विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक,
जि. सांगली